ज्वेलरी डिझायनर म्हणवून घ्यायचंय? मग आधी हे करून बघा

चार कानातले ओवले की लगेच प्रोफाइलवर 'ज्वेलरी डिझायनर' लिहायचं का, आणि दुसरीकडे डाक लावणारी, म्हणजे धातू वितळवून जोड देणारी मंडळी म्हणतात ज्याने कधी टॉर्च (ती जोड द्यायची गॅसची ज्योत) हातात धरला नाही तो कसला डिझायनर. मला दोन्ही पटत नाही.

टॉर्चचं आधी संपवू. फॅबर्जे या रशियन जवाहिऱ्यांचं १९१३ चं ते प्रसिद्ध विंटर एग, म्हणजे रत्नांनी मढवलेलं शोभेचं अंडं, डिझाइन केलं अल्मा पिहल नावाच्या पंचविशीतल्या मुलीने, खिडकीच्या काचेवर गोठलेल्या बर्फाची नक्षी बघून तिला ते सुचलं म्हणतात, आणि घडवलं वर्कशॉपमधल्या कारागिरांनी. मग ती डिझायनर नाही का? याच्या उलट अलेक्झांडर काल्डर, तो अमेरिकन शिल्पकार, त्याने तार ठोकून वाकवून जवळजवळ १८०० दागिने स्वतःच्या हाताने केले, तेही बहुतेक डाक न लावता. म्हणजे कोणाच्या हाताने झालं हा मुद्दाच नाही, दागिन्यातली प्रत्येक गोष्ट अशीच का आहे हे ज्याला सांगता येतं तो डिझायनर, असं माझं सरळ मत.

आता स्वतःला तपासायचं कसं. तुमचा एकच दागिना घ्या, आवडता घ्या, आणि तीन दिवस घालून फिरा. फोटोसाठी नाही हां, खरंच घाला, भांडी घासा, स्वेटर काढा घाला, मान वळवून फोनवर बोला. नेकलेस असेल तर पहिल्याच दिवशी हुक फिरून पुढे येतो का बघा. माझ्या पहिल्या नेकलेसचा यायचा, दर अर्ध्या तासाला, कारण पुढचे मणी हलके आणि हुक मात्र डब्यात होता तो लावलेला, चांगला जाडजूड. महिनाभर रंग जुळवत बसले होते आणि हुकाचा विचार पाच मिनिटं केला नव्हता. पेंडंट सारखं उलटं होत असेल तर बहुतेक वेळा टांगायची कडी फार खाली बसलीये आणि वजन तिच्या वर गेलंय. कानातलं समोर बघायच्या ऐवजी गालाकडे बघत असेल तर मध्ये अजून एक कडी घाला, दिशा वळते. इतकं साधं असतं, पण घातल्याशिवाय कळत नाही.

मग मटेरियल. हा खडा इथे का, हे कोणी विचारलं तर 'छान दिसतो' याच्या पुढे काही सांगता यायला हवं. ओपल कडकपणाच्या एक ते दहाच्या मोज मापात साडेपाच ते साडेसहा, साध्या धुळीत क्वार्ट्झ असतं ते सात, म्हणजे रोजच्या अंगठीत उघडा ओपल बसवलात तर तो नुसता पुसून पुसून सुद्धा खराब होणार. मोती तर त्याहून मऊ, त्याला घाम परफ्यूम काहीच चालत नाही. तोच ओपल कानात घाला, वर्षानुवर्षं मजेत राहील. सोन्याचंही तसंच, २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं, रंग सुंदर पण मऊ, म्हणून खडा पकडायच्या बारीक नख्यांना १८ कॅरेट (७५ टक्के) जास्त भरवशाचं.

तुम्ही फक्त कागदावर किंवा कॅडमध्ये (कॉम्प्युटरवर डिझाइन काढायचं सॉफ्टवेअर) काम करत असाल तर ड्रॉइंग अशा कारागिराला द्या जो तुम्हाला ओळखत नाही, आणि गप्प बसा. त्याचे दहा फोन आले, जाडी किती, खडा वरून बसवायचा की खालून, हे इथे वाकणार कसं, तर तुम्ही चित्र काढलंय, दागिना अजून व्हायचाय. अनुभवी कारागीर स्वतःच्या अकलेने निभावून नेतो आणि आपल्याला वाटतं आपलं डिझाइन भारी, ही फसवणूक फार वेळा होते.

आणि व्हिडिओ बघून केलेल्या डिझाइनमध्ये निळ्याच्या जागी हिरवे मणी घातले तर ते डिझाइन नाही, सराव आहे. सराव भरपूर करा, मी पण केला, फक्त विकताना ते स्वतःचं म्हणून विकू नका. तोपर्यंत प्रोफाइलवर 'हाताने दागिने करते' लिहा की, त्यात काही कमीपणा नाही, मी स्वतः कितीतरी दिवस तेच लिहीत होते, आणि तो हुकवाला नेकलेस तीनदा उसवून परत ओवला तेव्हा कुठे तो जागेवर राहिला.