उन्हाळी भाजीपाला लावायचा, तर जानेवारीतच करायची तयारी

विदर्भात उन्हाळी भाजीपाला दोन टोकांच्या मधे सापडलेला असतो. जानेवारीत रात्रीचा पारा ८-१० अंशांवर असतो. अशा थंड मातीत भेंडीचं किंवा काकडीचं बी टाकलं तर ते उगवत नाही, नुसतं पडून राहतं आणि जास्त ओलीत कुजतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की भेंडीची फुलं गळायला लागतात. म्हणजे पिकाची बहराची वेळ मार्चअखेर ते एप्रिल या काळात पडली पाहिजे, आणि ती पडायची तर तयारी संक्रांतीनंतर लगेच सुरू झाली पाहिजे. लोक मार्चमध्ये जागे होतात आणि मग बियाणं बोगस निघालं म्हणतात, तेव्हा वाईट वाटतं. बहुतेक वेळा बी चांगलंच असतं.

उशिरा लावलेल्याला नुसतं ऊनच नडतं असं नाही. वेलवर्गीय भाज्यांत दिवस मोठा आणि उष्णता जास्त झाली की नर फुलं वाढतात, मादी फुलं घटतात. मार्चअखेर लावलेल्या लवकीच्या (दुधी भोपळ्याच्या) वेलावरची फुलं मे महिन्यात एकेक उलटून पाहा. मादी फुलामागे बोटाच्या पेराएवढी लवदार, हिरवी लवकी दिसते. नर फुलामागे नुसता बारीक लांब देठ. दहा फुलं पाहून एखादीच लवकी दिसली, तर त्या वेलाला खत घालून काही होणार नाही. टोमॅटोचंही तसंच. रात्री गरम झाल्या की त्याची फळधारणा थांबते. टोमॅटोची रोपं जानेवारीअखेरपर्यंत वावरात लागली नसतील, तर या हंगामात त्याचा नाद सोडावा आणि ती जागा गवारीला द्यावी. गवार ऊन सोसते.

बी घेण्याआधी पाणी मोजून घ्या. मोटार सुरू करून २०० लिटरचा ड्रम भरायला किती वेळ लागतो ते पाहा. दोन मिनिटं लागली तर तासाला ६,००० लिटर पाणी मिळतं. एका गुंठ्यावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण १०० लिटर. ऐन उन्हाळ्यात पिकाची दिवसाची गरज ८ मिलिमीटर धरली तर गुंठ्याला रोज ८०० लिटर लागतात, दहा गुंठ्यांना ८,०००. पाटानं देत असाल तर यात निम्मं आणखी मिळवा, कारण काळ्या जमिनीला भेगा पडल्या की पाणी त्यातून खाली निघून जातं. आणि हा हिशोब आज विहिरीत दिसणाऱ्या पाण्यावर करू नका. मागच्या मे महिन्यात मोटार किती वेळात फुसफुसायला लागली होती ते आठवा आणि तेवढंच पाणी धरा. हिशोबात पाच गुंठे बसत असतील तर पाचच लावा. दहा गुंठे अर्धे वाळवण्यापेक्षा पाच गुंठे हिरवे ठेवलेले परवडतात. ठिबक असेल तर नळ्यांची टोकं उघडून त्या धुऊन घ्या, उंदरांनी कुरतडलेल्या जागा जोडून घ्या.

जागा निवडताना शेजारी कपाशी उभी आहे का ते बघा. भेंडी ही कपाशीच्याच कुळातली. पांढरी माशी आणि ठिपक्यांची बोंडअळी दोन्हींवर असते, आणि गुलाबी बोंडअळीलाही भेंडी चालते. शेवटचा वेचा झाला असेल तर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उभी झाडं, उपटून वावराबाहेर काढा, धुऱ्यावर (बांधावर) ढीग लावून ठेवू नका. फवारणीचा पंपही तपासा. ज्या पंपानं गव्हात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं तो भेंडीसाठी वापरायचा नाही, धुऊनसुद्धा नाही. भेंडीची पानं त्यानं आकसून बारीक होतात आणि झाड तिथंच थांबतं.

वखराच्या दोन पाळ्या द्या, गुंठ्याला दोन क्विंटलच्या आसपास शेणखत मिसळा. ते पुरतं कुजलेलं हवं. कच्च्या शेणखतासोबत उधई (वाळवी) आणि मुळं खाणारी हुमणी अळी घरात आणल्यासारखं होतं. सऱ्या शक्यतो पूर्व-पश्चिम काढा आणि बी वरंब्याच्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर टोका. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे त्या बाजूची माती लवकर तापते. कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, आत्ताच गोळा करून ठेवा, तुरीचं असो की सोयाबीनचं, पण पसरायची घाई नको. फेब्रुवारीत आच्छादन टाकलं तर माती थंडच राहते. होळीच्या सुमारास ऊन चटका द्यायला लागलं की ते रोपांच्या बुडाशी चार बोटं जाड पसरायचं.

बियाण्यात भेंडीसाठी परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका हे सरळ वाण आहेत, पुढच्या वर्षीचं बी घरी धरता येतं. गवारीत पुसा नवबहार. बरबटी (चवळीच्या शेंगा), पालक, सांभार (कोथिंबीर) थोडं थोडं घ्या. उन्हाळ्यातला सांभार सावलीच्या कडेलाच येतो. कारलं, दोडकं, लवकी थेट वावरात लावण्यापेक्षा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पिशव्यांत लावा. कारल्याचं बी टणक असतं, ते दिवसभर कोमट पाण्यात भिजवून ओल्या पोत्याच्या तुकड्यात बांधा आणि चुलीजवळ किंवा शेणखताच्या ढिगाच्या उबेत ठेवा. पांढरा कोंब डोकावला की पिशवीत. किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, चोळून घेतलेलं बरं. पिशव्या रात्री प्लास्टिकखाली, सकाळी ऊन आलं की उघड्या. दुपारी झाकून राहिल्या तर रोपं शिजतात. दोन ते चार पानं झाली की लावायची, आणि मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही, वेलांच्या मुळांना धक्का सोसत नाही. भेंडी मात्र थेट टोका, फेब्रुवारीच्या मध्यावर, रात्रभर भिजवून.

वाऱ्याचा विचार फार कमी लोक करतात. एप्रिलमध्ये पश्चिमेकडून येणारी झळ पानांच्या कडा जाळते. त्यासाठी पश्चिमेला मक्याच्या दोन ओळी भाजीच्या तीन आठवडे आधी पेरा, म्हणजे वेळेवर आडोसा होतो.

कोवळ्या वेलांवर लाल भुंगेरे सकाळी सुस्त बसलेले असतात, तेव्हाच हातानं वेचून घ्या. पिवळे चिकट सापळे आणि फळमाशीच्या नरांना ओढणाऱ्या क्यू-ल्यूर या गंधाचे सापळे आत्ताच आणून ठेवा. निंबोळ्या जूनमध्ये वेचून ठेवल्या असतील तर ५ किलो निंबोळीपासून १०० लिटर फवारा होतो. तो संध्याकाळीच मारायचा, सकाळी काकडी-कारल्याच्या फुलांवर मधमाश्या असतात.

गारपिटीवर पक्का इलाज नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये काय झालं ते आपल्याकडे सगळ्यांना आठवतं. म्हणून प्रत्येक वेलाची चार-सहा रोपं पिशव्यांत जास्तीची ठेवा. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी जुन्या साड्यांचं कुंपण उगवण व्हायच्या आधी बांधून घ्या. एकदा कोवळ्या शेंड्यांची चव लागली की रोही रोज येतो.

भेंडीचा पहिला तोडा पेरणीपासून ४५ ते ५० दिवसांनी येतो, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला, लग्नसराईच्या तोंडावर. त्यानंतर दर दिवसाआड तोडणी लागते, एक पाळी चुकली की शेंग निबर होते. उजाडताच तोडायला येणारी दोन माणसं आत्ताच बोलून ठेवा, आणि आठवडी बाजाराला माल नेणाऱ्या गाडीवाल्यालाही.