शैवालशेतीचा पर्यावरण अहवाल लिहिताय? या चुका टाळा

समुद्री शैवालाला खत लागत नाही, गोडं पाणी लागत नाही, जमीनही लागत नाही. त्यामुळे 'परिणाम नगण्य' असं लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. खरी चूक इथेच होते: तपासणी शैवाल वाढवायच्या तराफ्याच्या कडेशीच थांबते.

तमिळनाडूतलं उदाहरण बघा. कप्पाफायकस ही शैवालाची आग्नेय आशियातली जात मंडपम परिसरात लावली गेली. तिचा तुटलेला तुकडाही नव्याने वाढतो, त्यामुळे 'बीजाणूंनी पसरत नाही' एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. मन्नारच्या आखातातल्या कुरुसडई बेटाजवळच्या प्रवाळांवर ती पसरल्याची नोंद 2008 मध्ये झाली. म्हणून नमुने फक्त तराफ्याखालून घेऊ नका. प्रवाह ज्या दिशेला जातो तिकडचा सर्वांत जवळचा प्रवाळ किंवा खडक निवडा, लागवडीआधीच त्याचे फोटो काढून ठेवा, आणि वादळानंतर पुन्हा जा. तुलनेसाठी शेती नसलेली, तशीच खोली असलेली एक जागाही हवी. ती नसेल, तर पुढे दिसलेला बदल शेतीमुळे झाला की पाणी तापल्यामुळे, हे सांगता येणार नाही.

तराफ्याखाली समुद्री गवत असेल, तर सावलीचा प्रश्न वेगळा तपासा. पाल्कच्या उपसागरात हेच गवत डुगाँगचं, म्हणजे समुद्री गायीचं, अन्न आहे.

आता शैवाल किती कार्बन शोषतं, तो आकडा. तो फारच देखणा दिसला, की आधी वजन ओलं धरलंय की सुकं, ते बघा. एक टन ओलं शैवाल वाळून साधारण 100 किलो उरतं. त्यात कार्बन 25 ते 30 किलो, म्हणजे सुमारे 100 किलो कार्बन डायऑक्साइड. ओल्या वजनावर गणित केलं, की उत्तर थेट दहापट! शिवाय कप्पाफायकसपासून कॅराजीनन हा दाटपणा आणणारा पदार्थ काढतात आणि ते आइस्क्रीम-टूथपेस्टमध्ये जातं. त्यातला बराचसा कार्बन काही काळातच हवेत परततो. भाजी पिकवली म्हणून कुणी कार्बन पुरल्याचा दावा करत नाही; इथेही 'साठवला' लिहू नका.

कोकणात काम करणाऱ्यांनी फक्त हिवाळ्यातल्या नमुन्यांवर भागवू नये. पावसाळ्यात खाड्यांमधून येणारं गोडं पाणी आणि गाळ सगळं चित्र बदलतो.

दुसऱ्या उद्योगांशी तुलना करताना काय मोजायचं याची सीमा एकच ठेवा. कोळंबीच्या तळ्याचं सांडपाणी धरायचं आणि कॅराजीनन कारखान्यातलं अल्कलीयुक्त सांडपाणी वगळायचं, ही बनवाबनवी झाली. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेच्या अहवालात कोळंबीशेतीच्या उत्पन्नासमोर तिच्यामुळे झालेलं नुकसान मांडलं होतं आणि सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या निकालात त्याचा आधार घेतला. शैवालाचा ताळेबंदही तसाच, दोन्ही बाजूंनी मांडा. त्यात तुटून वाहून जाणाऱ्या प्लास्टिकच्या दोऱ्याही धरा: हंगामात किती किलो नेल्या, किती परत आणल्या, याची वही शेतकऱ्यांकडूनच ठेवून घ्या.