घड्याळाचं पान आणि माझी हरवलेली अठरा मिनिटं

कर्नलच्या कामाला नुकतेच लागलेल्यांसाठी हे लिहितेय. सिस्टम कॉल, पेज टेबल, इंटरप्ट तुम्हाला येतात असं धरते. नसतील येत तर आधी ते करा, मग इकडे या.

प्रोग्रामना सारखी वेळ हवी असते आणि दर वेळी कर्नलमध्ये उतरणं महाग पडतं. म्हणून कर्नल एक पान प्रोग्रामला फक्त वाचण्यापुरतं मॅप करून देतो. लिनक्समध्ये हे व्हीडीएसओ, म्हणजे कर्नलने प्रत्येक प्रोग्रामला जोडून दिलेली छोटी लायब्ररी, सांभाळतं. त्यामुळे एसट्रेस (प्रोग्रामचे सिस्टम कॉल दाखवणारं साधन) लावला तरी वेळ विचारणारे कॉल सहसा दिसतच नाहीत. (मी अर्धा दिवस एसट्रेसलाच दोष देत बसले होते.) ओपनबीएसडीमध्ये ही सोय २०२० साली ६.८ आवृत्तीत आली.

त्या पानावर ‘आत्ता किती वाजले’ लिहिलेलं नसतं. शेवटच्या अपडेटला वेळ किती होती, तेव्हा हार्डवेअर काउंटर किती होता, आणि काउंटरच्या टिकटिकीचे नॅनोसेकंद करायला लागणारे मल्टिप्लायर (गुणक) आणि शिफ्ट (किती बिट उजवीकडे सरकवायचे), एवढेच आकडे असतात. प्रोग्राम स्वतः काउंटर वाचतो, जुना आकडा वजा करतो, गुणतो, शिफ्ट करतो आणि मूळ वेळेत मिळवतो.

मला शिकवणारे एक सिनियर म्हणाले, “एक लॉक टाक, विषय संपव.” पण पान फक्त वाचता येतं, मग प्रोग्राम लॉक घेणार कसा? आणि लिहायची मुभा दिली, तर एखादा प्रोग्राम लॉक धरून बसेल आणि टायमर इंटरप्ट त्याच्या दारात ताटकळेल. म्हणून इथे सिक्वेन्स क्रमांक वापरतात. कर्नल लिहायच्या आधी तो वाढवून विषम करतो, लिहून झालं की पुन्हा वाढवून सम. वाचणाऱ्याने क्रमांक बघायचा, आकडे उचलायचे, क्रमांक पुन्हा बघायचा. विषम असेल किंवा बदलला असेल तर सगळं पहिल्यापासून. फ्रीबीएसडीमध्ये सम-विषमाऐवजी लिहीत असताना क्रमांक शून्य ठेवतात, पण तत्त्व तेच.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही आपटले.

रास्पबेरी पाय ४ वर आमचा छोटा कर्नल चालायचा. काउंटर ५४ मेगाहर्ट्झचा, शिफ्ट २४, अपडेट सेकंदाला १०० वेळा. दिवसातून एखाद-दोनदा वेळ एकदम अठरा मिनिटं पुढे उडायची आणि पुढच्याच वाचनात जागेवर यायची. पंधरा दिवस मी लेखनाची बाजू तपासत बसले. शेवटी उडीचा नेमका आकडा कागदावर मांडला: साधारण १०९९.५ सेकंद. नॅनोसेकंदांत हा दोनाचा चाळिसावा घात. चौसष्टातून चोवीस गेले, चाळीस! म्हणजे कुठेतरी वजाबाकी ऋण होत होती. चिन्ह नसलेल्या ६४ बिटांत ती प्रचंड होऊन, गुणून, २४ घरं सरकून बाहेर पडत होती.

ऋण का? कारण मी काउंटर लूपच्या बाहेर वाचला होता. “पुन्हा प्रयत्न करावा लागला तर काउंटर परत कशाला वाचायचा” ही माझी हुशारी. मी काउंटर वाचला, तेवढ्यात टायमर इंटरप्ट आला, कर्नलने पान ताजं केलं, मग मी क्रमांक बघितला. क्रमांक सम, आकडे एकमेकांशी जुळणारे, शेवटीही क्रमांक तोच. तपासणी बिनबोभाट पास. फक्त माझ्या हातातला काउंटर पानावरच्या काउंटरपेक्षा जुना होता! सिक्वेन्स क्रमांक पानावरच्या आकड्यांची हमी देतो, तुम्ही बाहेरून आणलेल्या आकड्याची नाही. काउंटर लूपच्या आतच वाचायचा, पहिला क्रमांक बघितल्यानंतर आणि दुसरा बघण्याआधी. दर फेरीला नव्याने.

एवढ्याने भागलं असतं तर बरं. काउंटर आत घेतला, चाचणी लावली, चाळीस मिनिटांत पुन्हा पडली. कोडमध्ये आत लिहिलं म्हणजे प्रोसेसर आतच वाचेल असं नाही, तो सूचनांचा क्रम बदलू शकतो. त्याला थोपवणाऱ्या सूचना म्हणजे बॅरियर. एआरएमवर काउंटर वाचण्याआधी आयएसबी लागतं, एक्स८६ वर आरडीटीएससीच्या (काउंटर वाचणाऱ्या सूचनेच्या) आधी एलफेन्स. शिवाय पानावरची वाचनं दुसऱ्या क्रमांकाच्या पलीकडे घसरू नयेत म्हणून रीड बॅरियर. इथे कोणीतरी “व्होलाटाइल लाव” सांगेलच. त्याने कंपायलर ऐकतो, प्रोसेसर ऐकत नाही. असा सल्ला डिसअसेम्ब्ली (कंपायलरने प्रत्यक्षात काढलेल्या सूचना) न उघडता देणाऱ्याकडून माझ्या मते चहा घ्यावा, सल्ला घेऊ नये.

लिनक्सच्या एक्स८६ कोडमध्ये काउंटर मागे दिसला तर मागचाच आकडा धरायची सोय आहे. वेगवेगळ्या कोअरचे काउंटर किंचित मागेपुढे असू शकतात, त्यासाठी ती ठीकच. मी मात्र ती बॅरियर लावून झाल्यावरच घातली. आधी घातली असती तर चूक तशीच झाकून राहिली असती.

घाबरू नका, हा बग पकडणं त्याच्याबद्दल वाचण्याइतकं भयंकर नाही. अपडेटचा वेग मुद्दाम शंभरपट करा, प्रत्येक कोअरवर घट्ट लूपमध्ये वेळ वाचत राहा, आधीच्या वाचनापेक्षा कमी किंवा सेकंदभर जास्त आली की थांबा. माझ्या मूळ कोडवर ही चाचणी डोळ्याचं पातं लवायच्या आत पडते. पंधरा दिवस मी ती लिहिली नव्हती, एवढंच.

आणि हो, पान वेगळं काढा. मी सुरुवातीला कर्नलच्या इतर व्हेरिएबलांमधलंच पान मॅप केलं होतं. मॅपिंग ४ किलोबाइटचं, माझे आकडे शंभर बाइटसुद्धा नव्हते. उरलेल्या जागेत कर्नलचे पॉइंटर होते आणि ते कुठलाही प्रोग्राम निवांत वाचू शकत होता. हे मला चाचणीने नाही, शेजारच्या टेबलावरच्या मुलीने सहज हेक्स डंप बघताना दाखवलं.