हळदीचे फोटो: निवड कुठे, रंग कुठे, पुसापुशी कुठे

‘फोटो एडिटिंगला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?’ असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, कॅमेऱ्यात रॉ (सेन्सरवरची कच्ची फाइल) काढता की जेपेग (कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो)? जेपेगमध्ये लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. जेपेगच काढत असाल आणि उजेड वाढवणं, कडा कापणं एवढंच काम असेल, तर मोबाइलवरचं स्नॅपसीड पुरतं. बाकी खटाटोप रॉवाल्यांसाठी.

लाइटरूम आणि फोटोशॉप ही जोडी उत्तम, पण वर्गणी भरत राहावी लागते. मी रॉची निवड आणि रंग यांसाठी डार्कटेबल, पुसापुशीसाठी गिंप वापरतो. दोन्ही फुकट आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतात. डार्कटेबलऐवजी रॉथेरपी घेतलंत तरी चालेल, फक्त दोन्हींत एकच फोटो हाताळू नका. एकाचे बदल दुसऱ्याला कळत नाहीत.

समजा, घरातल्या हळदीचे चारशे फोटो आहेत.

आधी निवड. डार्कटेबलच्या लाइटटेबलमध्ये (सगळे फोटो एकत्र दिसतात तो भाग) पहिल्या फेरीत फक्त नापास करायचं: डोळे मिटलेले, हललेले, कोणाची तरी पाठ आलेले. त्यासाठी आर दाबा. दुसऱ्या फेरीत १ ते ५ आकड्यांनी तारे द्या. ही चाळणी संपेपर्यंत एकाही फोटोच्या रंगाला हात लावू नका. नाहीतर तासभर सजवलेला फोटो शेवटी गाळावा लागतो आणि जीव होत नाही.

मग रंग. हळदीत खरी गंमत इथेच. पिवळा मांडव, पिवळे बल्ब, पिवळे चेहरे बघून कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून तो आपोआप साधतो तो रंगांचा तोल) गोंधळतो, निळा ओततो आणि हळद मळकट दिसते. डार्कटेबलच्या डार्करूममध्ये (एकेक फोटो सुधारायचा भाग) ‘कलर कॅलिब्रेशन’चा पिकर (फोटोतला रंग मोजणारं साधन) घेऊन फोटोतली एखादी पांढरी जागा दाखवा. मामांचा सदरा नको. त्याला नीळ दिलेली असते, त्यावरून मोजलं की सगळा फोटो जास्तच पिवळा होतो. त्याच उजेडातली पांढरी रांगोळी सापडली तर उत्तम. एक फोटो जमला की कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही करून त्याच उजेडातल्या बाकीच्यांना तेच बदल लावा. उजेड-सावली, आडवा-उभा काप, सगळं इथेच संपवा.

गिंपकडे फक्त पुसापुशीचे फोटो जातात. नवरीच्या डोक्यामागून गेलेली वायर, कोपऱ्यातली प्लास्टिकची बादली, असे पाच-सहा. ते १६ बिट टिफ (रंगांचे बारकावे न गमावणारी फाइल) करून पाठवा. २४ मेगापिक्सेलची अशी एक फाइल न दाबता १४४ एमबीच्या आसपास भरते, म्हणून सरसकट सगळे टिफ करू नका. गिंप मात्र २.१० किंवा त्यापुढचं हवं. जुनं १६ बिट सांभाळत नाही.

भिंतीवरची वायर हील टूलने (आजूबाजूचा रंग मिसळून जागा बुजवणारं) सहज जाते. पण ती जिथे केसांना टेकते तिथे हील केसांचा काळा रंग भिंतीत कालवतं आणि धुरासारखा डाग पडतो. तेवढ्या बोटभर जागेसाठी क्लोन टूल (शेजारची जागा जशीच्या तशी उमटवणारं) घ्या, ब्रश लहान ठेवा. आणखी एक: गिंपमध्ये ‘सेव्ह’ केलं की गिंपची स्वतःची एक्ससीएफ फाइल मिळते, जेपेग हवी असेल तर ‘एक्स्पोर्ट’. व्हॉट्सअ‍ॅपला आणि फोटो स्टुडिओला देताना कलर प्रोफाइल (फाइलमधले रंग कसे वाचायचे याची खूण) एसआरजीबी ठेवा.

रॉ फाइलशेजारी डार्कटेबल एक छोटी एक्सएमपी फाइल ठेवतं, केलेले सगळे बदल तिच्यात लिहिलेले असतात. लॅपटॉप बदलताना मी त्या सगळ्या कचरा समजून मागे सोडल्या आणि नव्या लॅपटॉपवर सगळी हळद पुन्हा मळकट होऊन बसली. आता कॉपी करताना अख्खा फोल्डर उचलतो.