लॅब्रॅडॉर सांभाळताना या चुका टाळा

लॅब्रॅडॉर स्वभावाने गरीब असतो म्हणून तो कसाही सांभाळला तरी चालतो, ही समजूतच बहुतेक तक्रारींचे मूळ आहे. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर मच्छीमारांना थंडगार पाण्यात मदत करणाऱ्या कुत्र्यांपासून ही जात ब्रिटनमध्ये घडवली गेली आणि १९०३ मध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या तेथील केनेल क्लबने तिला मान्यता दिली. तिच्या खोडी या कामातूनच आल्या आहेत.

सर्वांत महागात पडणारी चूक खाण्याची. जेवणाच्या ताटाशेजारी बसून तो एकटक पाहू लागला की घरातील प्रत्येक जण पोळीचा एकेक तुकडा टाकतो आणि त्याचा हिशेब कोणाकडेच राहत नाही. वास्तविक, केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की सुमारे चारपैकी एका लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी या जनुकाचा काही भाग गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांना अन्नाची ओढ अधिक असते. त्यामुळे त्याची केविलवाणी नजर हा भुकेचा पुरावा मानू नये. त्याऐवजी बरगड्यांवरून तळहात फिरवावा. त्या न दाबता हाताला लागत नसतील तर वाटीतले खाणे मोजून कमी करावे आणि शिकवताना दिलेला खाऊही त्यातून वजा करावा. खाणे बेताचे असूनही वजन वाढत असेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी.

उन्हाळ्यात अंगावरचे केस मुळापासून काढणे हा तर निव्वळ अत्याचार आहे. त्याच्या दुहेरी केसाळ आवरणामुळे उन्हापासून बचाव होतो. आतले गळणारे केस ब्रशने काढावेत आणि फिरायला पहाटे न्यावे. धाप थांबत नसेल, लाळ चिकट झाली असेल किंवा तोल जात असेल, तर अंगावर पाणी ओतून पंख्याखाली ठेवावे आणि विनाविलंब पशुवैद्यांकडे न्यावे.

चप्पल पळवली म्हणून त्याच्यामागे धावणे हीदेखील चूकच, कारण तोंडात वस्तू धरून आणणे हे त्याचे पिढीजात काम आहे आणि पाठलाग त्याला खेळ वाटतो. खाऊ दाखवून वस्तू सोडवून घ्यावी. मात्र मोजा गिळला असेल आणि उलट्या होत असतील, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

लोंबत्या कानांत पावसाळ्यात ओल राहते. कानाला वास येत असेल किंवा तो डोके सतत झटकत असेल, तर कोमट तेल घालू नये. आधी कान तपासून घ्यावा.