एफएमआरआय शिकायचंय? मग आधी रक्त शिका

मी फिजिक्सवाला, कोल्हापुरातच एमएससी केली, आणि ब्रेन इमेजिंगमध्ये, म्हणजे एमआरआय मशीननं मेंदूचं काम टिपायच्या एफएमआरआय तंत्रात, शिरलो तेव्हा वाटायचं माणूस मशीनमध्ये झोपवला की मेंदूतल्या पेशी काम करताना लाल-पिवळ्या दिसतात. तसं काय नसतं भावांनो. दिसतं ते रक्त, आणि तेपण उशिरा.

पहिला डेटा आम्ही राजारामपुरीतल्या एका सेंटरवर रात्री पेशंट संपल्यावर घेतला. पडद्यावर खूण आली की एकदा मूठ मिटायची, मग 25 सेकंद गप पडायचं. मी मूठ मिटली त्याच सेकंदाचा सिग्नल धरून बसलो, मॅप कोरा, आठवडाभर कोडमध्ये चूक शोधतोय. शेवटी सिनियर ताई म्हणाली, अरे एका ठिकाणचा ग्राफ तरी काढून बघ की! काढला तर पहिले एक-दोन सेकंद काहीच नाही, मग रेघ चढत चढत पाच-सहा सेकंदाला शेंड्यावर, आणि उतरताना मूळ पातळीच्याही जरा खाली जाऊन परत वर.

उसाला दारं धरलेल्याला हे लगेच कळंल. मोटर चालू केली म्हणून शेवटच्या सरीला लगेच पाणी पोचत नाही, आणि पोचतं तेव्हा लागतं त्यापेक्षा जास्तच. मेंदूत पेशी कामाला लागल्या की तिथल्या बारीक धमन्या रुंदावतात, ऑक्सिजन खर्च होतो त्यापेक्षा जास्त येतो, त्यामुळं ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन तिथं उलट कमी होतं. हे हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्र बिघडवतं, ते कमी झालं की सिग्नल वाढतो. त्याचा चुंबकी गुण पॉलिंग आणि कोरियेल या रसायनशास्त्रज्ञांनी 1936 लाच दाखवलेला, जपानी शास्त्रज्ञ ओगावांनी 1990 मध्ये उंदरांच्या मेंदूत तो एमआरआयवर पकडला. फरक किती, तर 3 टेस्लाच्या, म्हणजे ताकदवान चुंबकाच्या मशीनवरही एक-दोन टक्के.

म्हणून नवीन पोरांनी पायथनचं कोडिंग, एफएसएल हे स्कॅन तपासायचं सॉफ्टवेअर नंतर करा, ओपनन्यूरो या वेबसाइटवर फुकट डेटा ढीगभर पडलाय, तो कुठं पळून जात नाही. आधी रक्ताभिसरणाचा धडा नीट वाचा. नुसता श्वास रोखला तरी रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढून मेंदूचा रक्तप्रवाह वाढतो, विचार-बिचार काही नसताना सिग्नल वर! आणि कॅफीननं रक्तवाहिन्या आखडतात, प्रवाह कमी होतो. आमचा एक व्हॉलंटियर झोप येऊ नये म्हणून कोपऱ्यावरच्या गाड्यावर दोन कडक चहा मारून आलेला, आणि ते चहा पाजणारा मीच होतो.