ग्राहकाचं बोलीतलं इंग्रजी असं उकला

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष निर्यातदारांना परदेशातून मेसेज येतो, ‘जस्ट अ बॉलपार्क फिगर, प्लीज’. सुटे शब्द शोधले की बेसबॉलचं मैदान डोळ्यांपुढे येतं आणि उत्तर चुकतं.

१. तो वाक्प्रचार बोटाने झाका. उरलेलं वाक्य आणि आधीचे मेसेज वाचा. बोलणं कंटेनरच्या भाड्याचं चाललं असेल, तर ढोबळ आकडा हवाय हे बहुतेक तिथेच उमगतं. खरं काम हीच पायरी करते.
२. मग अख्खा वाक्प्रचार अवतरणचिन्हांत टाकून शोधा.
३. मिळालेला अर्थ मूळ जागी बसवून पुढचं वाक्य जुळतंय का पाहा.

मात्र ग्राहकाचा देश लक्षात ठेवा. मुद्दा ‘टेबल’ करणे म्हणजे ब्रिटनमध्ये तो चर्चेला घेणे, अमेरिकेत बाजूला ठेवणे. दर किंवा तारखेची गोष्ट असेल तर सरळ विचारूनच घ्या.